मॅपवर कॉन्ट्रॅक्टरचा रिव्ह्यू लिहिला, आता अब्रूनुकसानीची नोटीस आलीय. पुढं काय करायचं?

रंकाळाकाठ:
नमस्कार मंडळी. आमच्या टेरेसचं वॉटरप्रूफिंग एका माणसाला दिलेलं, नाव इथं लिहीत नाही, कारण कळेलच. निम्म्याहून जास्त अ‍ॅडव्हान्स घेतला, दोन कोपरे केले आणि माणूस यायचाच बंद झाला, फोन उचलायचा नाही. पाऊस तोंडावर, खाली बेडरूमच्या स्लॅबला ओल. मग मॅपवर त्याच्या पानावर एक स्टार देऊन रिव्ह्यू लिहिला आणि तोच सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, कारण आमच्यातले अजून दोघं त्यालाच काम द्यायच्या बेतात होते.

काल रजिस्टर पोस्टानं वकिलाची नोटीस आली. "माझे अशिलाची समाजात व व्यवसायात असलेली पत धुळीस मिळविली", १५ दिवसांचे आत बिनशर्त लेखी माफी, मजकूर काढून टाकणे, २५ लाख नुकसानभरपाई, न दिल्यास दिवाणी आणि फौजदारी दोन्ही. घरात बायको आणि आई दोघी घाबरल्यात, आई म्हणती पोलीस येणार काय दारात. मला विचारायचंय ते एवढंच की खरं लिहिलेलं असताना माणूस अडकू शकतो काय? आणि रिव्ह्यू काढून टाकू की ठेवू?

शिवाजीपेठ_कट्टा:
२५ लाख?? त्याच्या सगळ्या धंद्याची किंमत तरी तेवढी हाय काय भावा. घाबरू नगंस.

गगनबावडा_एसटी:
डिलीट मार आणि मोकळा हो. कोर्टकचेरीत आयुष्य जातंय.

सातवी_गल्ली:
डिलीट कशाला? खरं आहे ना ते. आम्ही पण याच भीतीनं गप्प बसतो आणि हे लोक पुढच्या घरात जाऊन तेच करतात. मी आमच्या अपार्टमेंटची सेक्रेटरी आहे, दर पावसाळ्यात हीच कथा.

भावा_उठाव:
जपून हां दादा. सायबरवाले आयटी कायद्याचं ६६ अ लावत्यात, डायरेक्ट उचलत्यात. पालघरच्या त्या दोन पोरींचं आठवतंय का, फेसबुकवर नुसतं लिहिलं आणि लाईक केलं तर अटक झालेली.

काळा_कोट:
मी कसबा बावड्यात कोर्टात प्रॅक्टिस करते, त्यामुळं जरा सविस्तर लिहिते. हा तुमच्या केसवरचा सल्ला समजू नका, त्यासाठी कागद घेऊन तुमच्या वकिलांकडे जा, पण भीती कशाची बाळगायची आणि कशाची नाही ते तरी कळू दे.

भावा_उठाव, पालघरची घटना २०१२ ची आणि ती खरीच होती, पण ६६ अ हे कलम सुप्रीम कोर्टानं २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल निकालात घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. त्या नावानं कुणी धमकी देत असेल तर ती पोकळ आहे.

बदनामीचा गुन्हा पूर्वी भादंवि (भारतीय दंड विधान) ४९९-५०० मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आलाय. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, आणि नवीन संहितेत सामुदायिक सेवेचाही पर्याय घातलाय. गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. म्हणजे पोलीस स्वतःहून एफआयआर करून दारात येऊन उचलून नेत नाहीत, फार तर एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) लिहून घेतात. ज्याची बदनामी झाली त्यानं स्वतः मॅजिस्ट्रेटपुढं खाजगी फिर्याद करायची, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे कोर्टानं दखल घेण्याआधी समोरच्यालाही म्हणणं मांडायची संधी द्यायची. तेव्हा आईंना सांगा, पोलीस येणार नाहीत.

आता "खरं लिहिलंय" यावर. इथं बऱ्याच जणांची गल्लत होते. दिवाणी दाव्यात म्हणजे नुकसानभरपाईच्या दाव्यात, लिहिलेलं खरं आहे हे सिद्ध केलं की संपलं. फौजदारीत मात्र नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकहितासाठी लिहिलं होतं हेही दाखवावं लागतं, आणि ते दाखवायची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते. पण घाबरायचं कारण नाही, कलमाला एकूण दहा अपवाद आहेत आणि तुमच्यासारख्याला त्यातले दोनतीन सरळ लागू पडू शकतात. नववा, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी सद्भावनेनं केलेलं विधान. दहावा, ज्याला सांगतोय त्याच्या भल्यासाठी दिलेला इशारा. तुमचे दोन शेजारी त्यालाच काम देणार होते हे तुम्ही लिहिलंय, ते फार महत्त्वाचं आहे, विसरू नका.

तुम्ही नेमकं काय लिहिलं होतं ते इथं टाका, नाव गाळून.

शिवाजीपेठ_कट्टा:
ताई एक आयडिया. रिव्ह्यू असा लिहायचा, "अत्यंत प्रामाणिक माणूस, ह्यानं आजवर कुणाचाच अ‍ॅडव्हान्स बुडवलेला नाही" 😄 आता कर म्हणावं केस. कौतुकच केलंय की!

काळा_कोट:
😀 दादा, १८६० साली कायदा करणाऱ्यांना तुमच्यासारखे लोक माहीत होते. जुन्या कलम ४९९ खाली पहिलंच उदाहरण असं आहे की अ म्हणतो, "झ प्रामाणिक आहे, त्यानं ब चं घड्याळ कधीच चोरलं नाही", आणि ऐकणाऱ्याला वाटावं की चोरलंच, हा हेतू असेल तर ती बदनामी. नवीन संहितेतही ते तसंच आलंय. टोमणा कोर्टाला कळतो.

शिवाजीपेठ_कट्टा:
हात जोडले 🙏

पंचगंगा_घाट:
कोल्हापूर आणि अब्रूनुकसानी म्हटल्यावर मला बोलायलाच पाहिजे. पोरांनो, महाराष्ट्रातला सगळ्यात गाजलेला बदनामीचा खटला आपल्याच गावच्या कारभारावरून झालाय. १८८२ साली. छत्रपती चौथे शिवाजी महाराज, ज्यांच्या पश्चात १८८४ मध्ये शाहू महाराज दत्तक आले, त्यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चाललाय असा आरोप केसरी आणि मराठा या पत्रांनी केला, रोख कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर. आधार काय, तर बर्व्यांची म्हणून मिळालेली काही पत्रं. बर्व्यांनी खटला भरला आणि कोर्टात ती पत्रं बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी दिलगिरी व्यक्त केली तरी चार महिन्यांची साधी कैद झाली, सूट मिळून १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढले. आगरकरांनी त्यावर पुस्तकच लिहिलं. आणि खटला चालू असताना जामीन मिळवून द्यायला पुढं कोण आले, तर महात्मा फुले. विचार पटत नसताना.

महाराजांचा शेवट १८८३ मध्ये अहमदनगरला, नजरकैदेत, गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर झाला. म्हणजे या लोकांची तळमळ खोटी नव्हती. छळाचा मुद्दा खरा, पण हातातला कागद खोटा. आजही नेमकं असंच होतं, गाऱ्हाणं शंभर टक्के खरं असतं आणि त्याला जोडलेला स्क्रीनशॉट कुठला तरी भलताच असतो.

गगनबावडा_एसटी:
आबा हे शाळेत कुणी सांगितलं नाही. भारी.

रंकाळाकाठ:
धन्यवाद ताई, आबा. खूप बरं वाटलं, आईला वाचून दाखवलं. मी लिहिलेलं जसंच्या तसं:

"एक नंबरचा चोर माणूस. टेरेसच्या कामाचा अ‍ॅडव्हान्स घेऊन पळून गेला. मटेरियल डुप्लिकेट वापरतो. सगळ्यांना असंच फसवतो. चुकूनही याच्याकडं जाऊ नका."

त्यावर बाजूला अर्धवट टेरेसचे फोटो.

मुक्तछंद:
मला मुळात हा कायदाच फौजदारी का आहे ते कळत नाही. एखाद्याच्या प्रतिष्ठेला धक्का बसला तर भरपाई मागा ना, तुरुंग कशाला? इंग्लंडनं, ज्यांनी हे कलम आपल्याला दिलं, त्यांनी त्यांच्याकडची फौजदारी बदनामी २००९ च्या कायद्यानं काढून टाकली. श्रीलंकेनं तर २००२ लाच काढली. आपल्याकडे सुब्रमण्यम स्वामी, राहुल गांधी, केजरीवाल असे तीन दिशांचे लोक एकाच मागणीसाठी सुप्रीम कोर्टात गेले होते, तरी १३ मे २०१६ ला कोर्टानं कलम वैध ठरवलं, का तर प्रतिष्ठा हा जगण्याच्या हक्काचा भाग. २०२३ मध्ये सुरतच्या कोर्टानं राहुल गांधींना पूर्ण दोन वर्षं दिली, नंतर ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं दोषसिद्धीला स्थगिती दिली. मोठ्या माणसाकडे वकिलांची फौज असते. रंकाळाकाठसारख्या नोकरदार माणसाला तारखेला रजा टाकून कोर्टात उभं राहणं हीच शिक्षा आहे, निकाल काहीही लागो. नोटिशीचा उद्देश पैसे वसूल करणं नसतोच, तोंड बंद करणं असतो.

भावा_उठाव:
राजकारण नको हितं, पण शेवटचं वाक्य पटलं.

खानावळवाला:
मला मुक्तछंद यांचं पटत नाही आणि का ते सांगतो. माझी छोटी खानावळ आहे, मुख्य गिऱ्हाईक शिकायला आलेली पोरं. मागं एका फेसबुक ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला, भाजीत अळी, आणि वर लिहिलं आमच्या खानावळीचं नाव. फोटोतलं ताट स्टीलचं खणांचं होतं. आमच्याकडं पहिल्यापासून साधी ताटं आणि वेगळ्या वाट्या, खणांचं ताट एकसुद्धा नाही. पण ते बघणार कोण? दुपारपर्यंत तो फोटो होस्टेलच्या सगळ्या ग्रुपवर. रात्री नेहमीची पंगत भरलीच नाही, केलेली भाकरी उरली. महिन्याची मेस लावलेल्या पोरांचे आईबाप फोन करून पैसे परत मागायला लागले. माझी बायको पहाटे उठून स्वतः भाजी निवडते हो, तिला रस्त्यात लोक विचारायला लागले. त्या पोस्टखाली एकानं लिहिलेलं "मलाही आलेली अळी", तो माणूस आमच्याकडं कधी जेवलेलाच नव्हता.

मी त्या वेळी वकिलाकडं गेलो नसतो तर काय केलं असतं? भरपाईचा दावा लावायचा तर जेवढी रक्कम मागायची त्या हिशोबानं कोर्ट फी चढते, ती आणायची कुठून? फौजदारीची एक नोटीस गेली तेव्हा त्या पोरानं पोस्ट काढली आणि खुलासा टाकला. खुलासा किती जणांनी शेअर केला विचारू नका. त्यामुळं कायदा फक्त मोठ्यांच्या कामाचा असं म्हणू नका, आमच्यासारख्याकडं दुसरं हत्यार नाही.

मुक्तछंद:
खानावळवाला, तुमचं वाचून वाईट वाटलं आणि तुमची बाजू मान्य आहे. माझं म्हणणं तरीही एवढंच की तुम्हाला स्वस्तात आणि लवकर दाद मिळायला हवी होती, मजकूर खाली यायला हवा होता, खुलासा तितक्याच लोकांपर्यंत जायला हवा होता. तुरुंगाच्या भीतीशिवाय ते होत नसेल तर व्यवस्था तिथं कमी पडतीय. तुम्ही त्या कंपनीकडं तक्रार नव्हती केली?

खानावळवाला:
केली की. रिपोर्ट करून उत्तर आलं, आमच्या नियमात बसतंय, काढता येत नाही.

काळा_कोट:
त्याचं कारण सांगते. श्रेया सिंघल निकालातच सुप्रीम कोर्टानं आयटी कायद्याच्या कलम ७९ चा अर्थ लावताना म्हटलंय की कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश आला तरच मध्यस्थ कंपनीला (म्हणजे फेसबुकसारखीला, जिथं लोक मजकूर टाकतात) मजकूर काढणं बंधनकारक, नुसत्या तक्रारीवरून नाही. नाहीतर ज्याला नको असेल तो प्रत्येक मजकूर तक्रार करून उडवेल. २०२१ च्या नियमांप्रमाणे कंपनीनं तक्रार निवारण अधिकारी नेमायला हवा, तिथं लेखी तक्रार जरूर करावी, पण खरा मार्ग दिवाणी कोर्टातून मनाई हुकूम.

आणि खानावळवाला, "मलाही आलेली अळी" लिहिणारा आणि ते पुढं ढकलणारे पण तितकेच अडकू शकतात. रिट्वीट करणं म्हणजे तो मजकूर पुन्हा प्रसिद्ध करणंच, असं दिल्ली हायकोर्टानं फेब्रुवारी २०२४ मध्ये म्हटलंय. "फॉरवर्डेड ॲज रिसीव्ह्ड" लिहिलं म्हणून सुटका होत नाही.

आता रंकाळाकाठ, तुमची पाच वाक्यं.

"चोर" हा शब्द सगळ्यात जड. चोरी हा गुन्हा आहे, तो त्यानं केला हे तुम्ही सिद्ध करू शकणार नाही, तुमचं प्रकरण कराराप्रमाणे काम न केल्याचं आहे. "पळून गेला", तो कोल्हापुरातच आहे ना? मग तेही नको. अ‍ॅडव्हान्स घेतला हे बँकेच्या नोंदीवरून शाबित होतं, तारखेसह लिहा. "मटेरियल डुप्लिकेट" कशावरून? बिल, पोत्याचे फोटो, कुणा इंजिनियरचा रिपोर्ट असेल तर ठेवा, नसेल तर काढा. "सगळ्यांना फसवतो", तुम्हाला सगळे माहीत नाहीत, तुम्ही तुमचं सांगा. "याच्याकडं जाऊ नका" हे तुमचं मत आहे, त्याच्या आधी खरे तपशील असतील तर ते खुशाल ठेवा.

आणि आत्ता काहीही डिलीट करायच्या आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट, नोटिशीचा लिफाफा, त्याच्याशी झालेले व्हॉट्सअ‍ॅप चॅट, टेरेसचे मूळ फोटो, सगळं एका ठिकाणी. ज्या फोनमधले आहेत तो फोन विकू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतं, पूर्वी जुन्या पुरावा कायद्याचं ६५ ब, आता नव्या साक्ष अधिनियमाचं कलम ६३. ते लागतंच हे आपल्या जालन्याच्याच निवडणूक केसमध्ये, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये सांगितलंय.

सातवी_गल्ली:
ताई नोटिशीला उत्तर द्यायलाच पाहिजे का? आमच्याकडं एकांनी कपाटात टाकून दिलेली.

काळा_कोट:
काकू, कायद्यानं सक्ती नाही, पण द्यावं. गप्प बसलं की पुढं कोर्टात तेच दाखवतात, बघा यांना काही म्हणायचंच नव्हतं. तुमचं म्हणणं तारखांसह वकिलांमार्फत कळवा, आमचे सर्व हक्क अबाधित ठेवून असं लिहून. बिनशर्त माफी वगैरे घाईघाईनं स्वतःच्या हातानं लिहून देऊ नका, ते मान्य केल्यासारखं होतं.

शिवाजीपेठ_कट्टा:
आणि उत्तरात शिव्या घालू नका हो. आमच्या मामानं नोटिशीला उत्तर म्हणून अशी चार पानं लिहिली की त्यावर दुसरी नोटीस आली.

गडहिंग्लजकर:
थोडं विषयांतर, पण विचारतो. माझे वडील गेले, आणि भाऊबंदकीच्या वादातून गावच्या ग्रुपवर एकजण लिहितोय की त्यांनी सोसायटीचे पैसे खाल्ले. ते हयात असताना कधी चौकशीसुद्धा झाली नव्हती. आई रोज ते वाचते. मेलेल्या माणसाला अब्रू नसते असं एका वकिलानं सांगितलं.

काळा_कोट:
दादा, फौजदारीत तसं नाही. कलमातच पहिलं स्पष्टीकरण आहे, माणूस हयात असता तर त्याच्या लौकिकाला बाधा आली असती आणि लिहिणाऱ्याचा हेतू कुटुंबाच्या भावना दुखावण्याचा असेल, तर मृत व्यक्तीबद्दलचं विधानही बदनामी ठरतं. स्क्रीनशॉट घ्या, तारखा दिसू देत. आईंच्या फोनवरचे पण.

गडहिंग्लजकर:
मनापासून आभार ताई.

पंचगंगा_घाट:
गडहिंग्लजकर, ऑडिट रिपोर्टच्या नकला पण काढून ठेवा. त्या काळातल्या संस्थेची लेखापरीक्षणं सहकार खात्याकडं असतात. कागद बोलला की ग्रुप गप्प बसतो.

रंकाळाकाठ:
अपडेट देतो. वकील केले, नोटिशीचं उत्तर गेलं. जुना मजकूर जपून ठेवून बदललाय, आता असा आहे: "मार्चमध्ये टेरेस वॉटरप्रूफिंगसाठी बँकेतून अ‍ॅडव्हान्स दिला. ठरलेल्यापैकी दोन कोपऱ्यांचं काम झालं, उरलेलं झालं नाही. त्यानंतर केलेल्या फोन-मेसेजला उत्तर मिळालं नाही. फोटो सोबत. माझा अनुभव वाईट, मी पुन्हा काम देणार नाही." ठीक आहे का?

काळा_कोट:
उत्तम. आणि "पैसे परत केल्यास किंवा काम पूर्ण केल्यास इथं नोंद करीन" असं एक वाक्य घाला, आणि खरंच करा. सद्भावना म्हणजे चांगलं मन एवढंच नसतं, कायद्यात त्याचा अर्थ योग्य ती काळजी घेऊन केलेलं असा आहे, या वाक्यातून ती दिसते.

शिवाय ग्राहक आयोगात तक्रार करा. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षं. आधी १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला फोन केला तरी चालेल. अधिकार असलेल्या ठिकाणी सद्भावनेनं केलेली तक्रार आठव्या अपवादात येते, तिथं मोकळेपणानं बोला. समोरच्यानं उद्या फिर्याद केलीच आणि ती रद्द करून घ्यायची वेळ आली तर आता त्यासाठी मुंबई गाठायला नको, १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) आपल्या कोल्हापुरातच बसतंय.

भावा_उठाव:
ह्यो धागा पिन करा राव.

सातवी_गल्ली:
ताई शेवटचं. मी ग्रुपची अ‍ॅडमिन आहे. उद्या कुणी मेंबरनं असं काही टाकलं तर मला पण धरतील का? मिस्टर म्हणतात अ‍ॅडमिनपद सोडून दे.

काळा_कोट:
सोडू नका काकू. मेंबरनं टाकलेल्या मजकुराला निव्वळ अ‍ॅडमिन आहे म्हणून जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय. आधीपासून ठरवून, संगनमतानं केलं असेल तर गोष्ट वेगळी. पण कुणी खोटं टाकलंय हे कळलं तर डिलीट करा, अ‍ॅडमिनला तेवढी सोय असते, आणि ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याचं उत्तरही ग्रुपवर येऊ द्या.

सातवी_गल्ली:
बरं. म्हणजे मागच्या आठवड्यात लिफ्टवाल्याबद्दल जे कुणीतरी टाकलंय ते आधी बघते, एएमसीची (वार्षिक देखभाल कराराची) पावती माझ्याकडं आहे आणि त्यानं तर काम केलेलं आहे.